आईच्या वर्गाबाहेर

मार्च आला की वारज्याला आमच्या घराजवळच्या शाळेच्या फाटकावर 'परीक्षा केंद्र, शांतता राखा' असा फलक लागतो आणि त्याच फलकाखाली उभे राहून आईबाप शांततेचा भंग करायला लागतात. "आधी सोपी सोडव." "घड्याळ बघत राहा, पण सारखं बघू नकोस." "हॉल तिकीट? हॉल तिकीट कुठंय?" मी स्कूटर हळू करते आणि त्या घामेजल्या पोरांकडे बघते. बहुतेकांना या दिवसांत स्वतःची परीक्षा आठवून पोटात गोळा येतो. मला गोळा येत नाही. मला हेवा वाटतो. नुसता हेवा म्हटलं की जरा सभ्य वाटतं. खरं सांगायचं तर मी जळते. वय शेहेचाळीस, नोकरी बरी, नवरा गरीब स्वभावाचा, आणि दर मार्चला नेमानं जळते.

तशा या दिवसांत चांगल्या गोष्टी पुष्कळ असतात. पहाटे पांघरूण लागतं आणि दुपारी पंखा. पिंपळाला तांबूस पालवी फुटते. हातगाडीवर कैरीच्या फोडी तिखटमीठ लावून घ्याव्यात आणि दात आंबवून घ्यावेत. चौकाचौकात उसाच्या गुऱ्हाळाचे घुंगरू वाजायला लागतात. पण लहानपणापासून हा ऋतू माझा नव्हताच. तो आईच्या क्लासच्या मुलांचा होता.

आई अठ्ठावीस वर्षं दहावीच्या गणिताचे क्लास घ्यायची, कोथरूडच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. चार ते आठ बाहेरची खोली वर्ग असायची आणि आमचं घर म्हणजे स्वयंपाकघर. दारात चपलांचा ढीग. बाबा ऑफिसातून आले की खाली कट्ट्यावर पेपर वाचत बसायचे; वाचून झाला की परत पहिल्यापासून वाचायचे. फेब्रुवारी लागला की आठाचे नऊ व्हायचे, मार्चमध्ये तर रविवारसुद्धा जायचा. मी स्वयंपाकघरात, दार लोटून, हातात पोळीचा रोल घेऊन. खोकलाही दाबून खोकायचा.

आईनं मला मात्र कधी शिकवलं नाही. "तुला शिकवताना माझा आवाज चढतो, मेधा. दुसऱ्यांच्या मुलांवर चढत नाही. तू आपली त्या सरांकडे जा." गेले. सरांच्या क्लासमध्ये मला बरे मार्क पडले. बरे म्हणजे, पेढे वाटताना विषयवार सांगायची वेळ येऊ नये इतके बरे.

माझ्याच वर्षाला कुंदा होती. ती वारज्याची, तेव्हाच्या वारज्याची, म्हणजे गावाची. वडिलांचा भाजीचा मळा. ती त्यांच्या उंच सायकलवरून यायची आणि कॅरिअरला बाईंसाठी मेथीची नाहीतर कोथिंबिरीची जुडी असायची. घरात माणसं फार, अभ्यासाला कोपरा नाही, म्हणून परीक्षेच्या महिन्यात आईनं तिला आमच्याकडेच ठेवून घेतलं. माझ्या खोलीत, असं म्हणणार होते. पण मला खोली नव्हती, तेव्हा माझ्या सतरंजीवर. पहिल्या पेपरच्या सकाळी आईनं दहीसाखर आधी कुंदाच्या हातावर ठेवली. "पाहुणी आहे ती," आई म्हणाली. बरोबरच होतं. पण माझ्या वाट्याच्या दह्यात साखर कमी होती, असं माझं आजही म्हणणं आहे.

(पुढे लग्न होऊन मी वारज्याला राहायला गेले. आमची सोसायटी कुंदाच्या चुलत्यांच्या कांद्याच्या वाफ्यांवर उभी आहे. कुंदा लग्न होऊन कोथरूडला आली, आईच्या समोरच्याच इमारतीत. देवाला अशा अदलाबदली करायला वेळ कसा मिळतो कोण जाणे.)

आईच्या शिकवण्याची एक रीत होती. ती स्वतः फार बोलायची नाही. एकेका मुलाला फळ्याशी उभं करायची, गणित मोठ्यानं समजावून सांगायला लावायची आणि आपण पेन्सिल घेऊन टेबलाशी बसायची. पेन्सिलीची एक टक म्हणजे बरोबर, पुढे चल. दोन टक म्हणजे चूक, पुस. दाराआडून मला सगळं ऐकू यायचं. टक. टक. टकटक. कोण हुशार, कोण ढ, हे मी पोळी खाता खाता सांगू शकत होते. माझी समजूत अशी, की वर्गात न बसताही आईची भाषा मला पुरती येते. पण दाराआडून टकटक ऐकू येते, गप्प बसणं ऐकू येत नाही. हे कळायला मला तीस वर्षं लागली.

आजार सुरू झाला तो अंगठ्यापासून. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे आईला दाबता येईनात. मग पेन हातातून गळायला लागलं. मग बोलताना जीभ जड. तपासण्यांचा सोपस्कार झाल्यावर डॉक्टरांनी नाव सांगितलं: मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून बंद पडत जातात, डोकं मात्र शाबूत राहतं, आणि यातून बरं होणं नाही. बाबांनी विचारलं, "किती दिवस?" आईनं विचारलं, "क्रम काय?" डॉक्टर जरा गोंधळले. मग त्यांनी सांगितलं: हात, बोलणं, गिळणं, श्वास. आईनं मान हलवली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना ती बाबांना म्हणाली, "अहो, चिमटे बदलू नका आता. चिमटे चांगले आहेत."

मी स्वारगेटजवळच्या ऑफिसातून संध्याकाळी धावतपळत जायची, रविवारी दिवसभर. कुंदा सकाळच्या शाळेत गणितच शिकवायची. दुपारी बारापासून ती आईपाशी. तिला कोणी बोलावलं नव्हतं. ती आली आणि राहिली. "बाई, हनुवटी खाली. आता गिळा. शाब्बास." आईला शाब्बास म्हणणारी ती जगातली पहिलीच असणार. बाबा भात मऊ करायचे, कुंदा भरवायची, आणि मी पोचायची तेव्हा आईचं तोंड पुसून झालेलं असायचं.

आईचं बोलणं जसजसं विरत गेलं तसतसं ते एकट्या कुंदाला कळायला लागलं. यात जादू काही नव्हती. रोज ऐकणाऱ्याच्या कानाला सवय होते. पण हे डोक्याला पटतं, जळणाऱ्या माणसाचं डोकं कुठे जागेवर असतं? आई काहीतरी लांबलचक बोलली आणि कुंदा खळखळून हसली, असं एकदा झालं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"काही नाही गं. म्हणतात, मेधाच्या ओढणीला ग्रीस लागलंय."

"एवढंच?"

"एवढंच."

ग्रीस खरंच लागलं होतं. तरी कुंदानं निम्मं गाळलं, अशी माझी खात्री होती. माझ्या आईचं बोलणं मला कुंदाकडून समजून घ्यावं लागतं, याचा मला इतका राग यायचा की ओढणी मी आजतागायत धुतलेली नाही. टाकूनच दिली.

त्या वर्षभरात मी कोणाकोणावर जळले? ऑफिसातली एक जण रोज डबा खाताना कुरकुरायची, "आई दिवसातून चार वेळा फोन करते, काय बोलायचं तरी काय तिच्याशी!" तिच्यावर. टेकडीवर पांढरे बूट घालून तरातरा चालणाऱ्या सत्तरीच्या बायकांवर. आणि एका दुपारी, स्वारगेटच्या गुऱ्हाळात, एका हमालावर. तो उभ्याउभ्या उसाचा रस प्यायला. अख्खा पेला, एका दमात. त्याच्या गळ्याची गाठ वर-खाली, वर-खाली होत होती आणि मी पैसे द्यायचे सोडून बघत उभी. आदल्याच दिवशी आईला चार चमचे पाणी, घट्ट करायची पावडर घालून, उतरवायला वीस मिनिटं लागली होती. त्यानं पेला ठेवला, ढेकर दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काय ताई, वळखता का काय?" मी नाही म्हटलं आणि निघाले.

मी सांगते आहे तो मार्च तीन वर्षांपूर्वीचा. तोवर बोलणं संपलं होतं. उजव्या हाताची तर्जनी तेवढी हलायची. आई लाकडी हातांच्या खुर्चीत बसायची आणि त्या बोटानं खुर्चीच्या हातावर वाजवायची. एक टक, हो. दोन टक, नाही. कुणालाच शिकावं लागलं नाही, आणि मी तर खूशच झाले. आता दुभाष्याची गरज उरली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, "वजन उतरतंय. पोटात थेट नळी बसवायची तर आत्ताच, फुप्फुसांत ताकद आहे तोवर. महिन्याभरानं धोका वाढेल. आणि पुढे श्वास कमी पडला की मशीनवर ठेवायचं का, तेही त्यांना विचारून ठेवा." आईला विचारायचं कोणी, हा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. कुंदा भाच्याच्या लग्नाला पाच दिवस वारज्याला गेली तशी मी रजा टाकली. योगायोग नव्हता तो. मी तिच्या जाण्याची वाट बघितली होती.

दुपारची वेळ. खालच्या मजल्यावर कोणीतरी मोठ्यानं इतिहास पाठ करत होतं. मी आईसमोर बसले आणि विचारलं, "आई, डॉक्टर म्हणतात ते नळी, मशीन सगळं करून घ्यायचं ना गं?"

बोट हललं नाही.

मी परत विचारलं. नाही हललं. ती माझ्याकडे नुसती बघत होती. "म्हणजे नको?" मी म्हटलं. तरीही काही नाही. आणि मला वाटलं, मला समजलं. हिला नको आहे. पण मुलीच्या तोंडावर नाही म्हणवत नाही. मी तिचा हात धरून रडले आणि रडतानाच मनात आलं, हे फक्त माझ्यापाशी. कुंदापाशी नाही.

बाबा ओट्याशी वाट्या पुसत होते. "तिला नको आहे," मी सांगितलं.

"म्हणाली तशी?"

"म्हणाली नाही. पण मला कळलं ना."

बाबांनी तीच वाटी पुन्हा पुसली. "तुला कळलं असेल तर ठीक," ते म्हणाले. मी डॉक्टरांना फोन करून नको म्हणून कळवलं.

पुढचे पाच दिवस मी भरवलं. प्रत्येक दुसऱ्या घासाला ठसका. ठसका लागला की आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं, मान लाल व्हायची, आणि मी पाठ चोळत "झालं, झालं" म्हणायची. ती टक्क माझ्याकडे बघत राहायची. मी ते बघणं प्रेमाचं समजले. त्या पाच दिवसांत मी सुखात होते. आई उपाशी होती, आणि मी सुखात होते. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं होईल.

सहाव्या दिवशी कुंदा आली, हातावर अर्धी पुसलेली मेंदी आणि बुंदीच्या लाडवांची पिशवी घेऊन. मी तिला दारातच सांगितलं. जरा ताठ्यातच सांगितलं.

"नको म्हणाल्या? दोन टक दिल्या?"

"दिल्या नाहीत. गप्प बसली."

कुंदानं पिशवी खाली ठेवली. भडकली की तिची भाषा गावाकडे जाते. "अगं, गप बसणं म्हंजे नाही नव्हं! गप बसणं म्हंजे प्रश्न चुकलाय. मांडणी परत कर. वर्गात पहिल्या दिवशी सांगायच्या बाई."

"मला कधी सांगितलं पहिल्या दिवशी?" मी ओरडले. आईच्या समोर. बाबा आतून धावत आले. "मी होते कुठे वर्गात? तुम्ही होतात सगळे! मी स्वयंपाकघरात होते, दार लावून! मला कोणी काही सांगितलं नाही!"

खालचा इतिहास थांबला. आई माझ्याकडे बघत होती. कुंदानं ठरवलं असतं तर त्या क्षणी ती माझ्या जागी बसून दोन मिनिटांत सगळं विचारू शकली असती. ती म्हणाली, "औषधं संपलीयत. मी आणते. तूच विचार, तुझी आई हाय." आणि पायात चप्पल सरकवत म्हणाली, "प्रश्नाचे तुकडे कर. बाईंना एका ओळीत दोन गोष्टी चालत नाहीत."

मी स्टूल ओढून बसले. बाबा दाराला टेकून उभे राहिले.

"भूक लागते?" टक.

"गिळताना भीती वाटते?" टक.

"फक्त नळीचं विचारते. नळी बसवायची?" टक. लगेच. मी प्रश्न संपवायच्या आतच.

पाच दिवस. पाच दिवस ती मला सांगत होती, की मुली, दोन प्रश्न एकात घातलेस, सोडव आधी. मी स्टुलावर बसून हुंदके देत राहिले. मग बाबांनीच घसा खाकरून विचारलं, "आणि अगं, ते मशीन? पुढे, श्वासाचं?"

टक टक.

"आई, नीट ऐक," मी म्हटलं. "आत्ताचं नाही, पुढचं. श्वास कमी पडला तर. मशीन लावलं तर तू राहशील."

टक टक.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं बोट जितकं उचलता येईल तितकं उचलून वाजवलं. बाबा वळून ओट्याशी गेले आणि नळ सोडून उभे राहिले. मी आणखी एक विचारलं, ज्याचा आजाराशी संबंध नव्हता. "आई, मला वर्गात घ्यायला हवं होतंस ना?" बोट हललं नाही. कितीतरी वेळ हललं नाही. मला तो प्रश्न परत मांडता आला नाही. अजूनही येत नाही.

कुंदा आली तेव्हा मी तिला नळीचं सांगितलं. तिनं आईचे पाय धरले आणि लाडू फोडून बाबांच्या हातावर ठेवला. डॉक्टरांनी आठवड्याच्या आत नळी बसवली. मशीनचं उत्तर मी डॉक्टरांना सांगितलं, बाबांना ठाऊकच होतं. कुंदाला मात्र सांगितलं नाही. विसरले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा आई मला काहीतरी बोलली होती जे कुंदाला माहीत नव्हतं, आणि ते मला माझ्यापाशीच ठेवायचं होतं.

नळीनं सहा महिने दिले. चांगले महिने, असं म्हणवत नाही. पण ठसके गेले, चेहरा भरला, आणि कुंदाच्या शाळेतले पेपर आई नजरेनं तपासायची. कुंदा पान समोर धरायची, आईचं बोट वाजायचं. मी संध्याकाळी पोचले की दारातूनच टकटक ऐकू यायची आणि माझा जीव आधी भांड्यात पडायचा, मग जळायला लागायचा. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी होतात. मी त्याचा पुरावा आहे.

पितृपंधरवड्यातल्या एका दुपारी आईला धाप लागली ती थांबेना. दवाखान्यात नेलं. बाबा रिक्षातून मागून येत होते. तातडीच्या खोलीबाहेर मी आणि कुंदा. तिथला डॉक्टर तरुण होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. "श्वास पुरत नाहीये. मशीनवर घ्यायचं का? मला आत्ता सांगावं लागेल."

"घ्या की!" कुंदा म्हणाली. "विचारताय काय? घ्या! मेधा, सांग त्यांना. सांग ना गं, हो म्हण!"

"तिला नकोय," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"तीच. मार्चमध्ये. तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा दोन टक."

कुंदा माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "मला नाही सांगितलंस," ती म्हणाली. "सहा महिने मी बाईंना रोज म्हणत होते, घाबरू नका, मशीन असतंय, मशीन लावू. रोज म्हणत होते. त्या ऐकून घेत होत्या."

डॉक्टर थांबला होता. मी त्याला नको म्हणून सांगितलं. त्यानं फक्त त्रास कमी करायचं औषध द्यायचं कबूल केलं, कागद पुढे केला, आणि मी सही केली. कुंदा खाली फरशीवर बसली आणि मोठमोठ्यानं, गावाकडच्या बायका रडतात तशी, "बाई, बाई" करून रडायला लागली. माझ्या हातात अजून पेन होतं आणि आत जाऊन आईला सांगायचं होतं, की तू म्हणालीस तसंच केलं. कुंदाला कोणी काही विचारलं नव्हतं. तिला हो म्हणता आलं होतं. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. इतका हेवा मला तिचा कधीच वाटला नव्हता.